रेडियम तिरकं का जातं

‘ता. संगमनेर, जि. अहिल्यानगर.’ उसाच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर, दुधाच्या पिकअपच्या दारावर, शाळेच्या बसवर ही ओळ लागते. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं आणि जुनं ‘अहमदनगर’ खरवडून तिथं नवं नाव चिकटवायचं काम रेडियमच्या दुकानांकडे आलं. वाचणाऱ्याला ओळ साधी वाटते. ती कापणाऱ्या प्लॉटरची मात्र तिच्यात पुरती परीक्षा होते.

याला कारण शिरोरेषा. रोमन लिपीतलं नाव कापताना प्रत्येक अक्षर सुटं असतं. एक कापून झालं की ब्लेड उचललं जातं आणि पुढच्या अक्षरावर टेकतं. देवनागरीत ‘अहिल्यानगर’ हा अख्खा शब्द शिरोरेषेनं एकसंध होतो. सहा इंची अक्षर घेतलं तर शब्द अडीच-तीन फुटांपर्यंत जातो आणि त्याची बाहेरची कड ही एकच अखंड रेषा असते. त्या रेषेवर ब्लेड चालत असताना रेडियमचा, म्हणजे व्हिनाइलचा, रोल सतत पुढे-मागे होतो, आणि पूर्ण फेरा मारून ब्लेडनं निघाल्या जागी परत यायचं असतं. वाटेत रोल एक मिलिमीटर जरी घसरला तरी सुरुवातीचं आणि शेवटचं तोंड जुळत नाही. सोलायला गेलं की ‘अ’चा कोपरा उचलला जातो, नाहीतर ‘र’ फाटतो. इंग्रजी अक्षरांत हीच चूक अक्षरागणिक वाटली जाते आणि खपून जाते.

मराठी पाट्यांचं काम आता कायद्यानंही आलं आहे. दुकानं आणि आस्थापनांविषयीच्या २०१७च्या राज्य कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको हेही ठरलं. सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०२३ला व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. दुसरीकडे १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्या उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावूनच येतात आणि नंतर राज्यात जुन्या गाड्यांनाही ती बंधनकारक झाली. ‘एमएच १७’चे छोटे सुटे आकडे कापण्याचं काम त्यामुळे आटत गेलं. उरलं ते लांबलचक जोडाक्षरांचं काम, आणि त्याला रोल सरळ आणि न घसरता सरकावा लागतो.

रोल सरकतो कसा, हे आधी पाहू. दुकानातला बहुतेक प्रत्येक प्लॉटर घर्षणावर चालतो. खाली खरखरीत पोलादी रोलर, त्याला ग्रिट रोलर म्हणतात. वर स्प्रिंगच्या दाबानं बसलेली रबरी चाकं, म्हणजे पिंच रोलर. रसवंतीच्या चरकात ऊस जसा दोन लाटांच्या मध्ये पकडून ओढला जातो, तसा रोल या दोघांच्या मध्ये पकडला जातो. फरक एवढाच की इथं तो पुढे ओढायचा, मागे ढकलायचा, आणि शेकडो वेळा हे करूनही जागा चुकू द्यायची नाही.

ही पद्धत सुरुवातीपासूनची नाही. अमेरिकेतल्या गर्बर कंपनीनं १९८०च्या दशकात पाट्यांची अक्षरं कापणारं संगणकी यंत्र आणलं, तेव्हा त्याच्या व्हिनाइलच्या दोन्ही कडांना भोकं पाडलेली असत. जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या कागदाला असत तशीच. दात भोकांत अडकत, त्यामुळे घसरण्याचा प्रश्न फारसा नव्हता. पण भोकांचा माल वेगळा घ्यावा लागे. घर्षणाची वाट नकाशे आखणाऱ्या पेन प्लॉटरमधून आली. ह्यूलेट-पॅकार्डच्या १९८१च्या ७५८०ए या प्लॉटरमध्ये कागदाच्या कडा खरखरीत चाकांत धरल्या होत्या. त्यातली गोम अशी की पहिल्या फेरीत चाकाचे बारीक कण कागदावर खळगे पाडतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तेच कण त्याच खळग्यांत बसतात. म्हणजे कागद स्वतःची भोकं स्वतःच पाडून घेतो. आजच्या प्लॉटरमध्ये हे खळगे व्हिनाइलच्या पाठीमागच्या कागदावर पडतात. तो कागद चांगला असला, कोरडा असला आणि रोलरचे कण उघडे असले, तर रोल जागा चुकत नाही. यातलं एक जरी बिघडलं तरी घसरगुंडी सुरू होते.

अक्षर जुळलं नाही की बहुतेकांचा हात पहिल्यांदा ‘फोर्स’च्या बटणाकडे जातो. कापलं जात नाहीये, दाब वाढवा. दहापैकी नऊ वेळा यानं दुखणं वाढतं, ते कसं हे पुढे येईलच. दाबाला, स्क्रूला किंवा मोटरला हात लावण्याआधी चूक कोणत्या दिशेनं होते आहे हे शोधावं. त्याला फार वेळ लागत नाही आणि खर्चही काही नाही.

प्लॉटरसोबत बहुधा पेन बसवायचं होल्डर येतं. नसेल तर होल्डरमध्ये घट्ट बसेल असं बॉलपेन पाहावं. ब्लेड काढून पेन लावायचं. कामाचाच रोल, फिकट रंगाचा, मशीनमध्ये चढवायचा. साधा कागद नको, कारण रोलरची पकड पाठीमागच्या कागदावर असते आणि तपासायची तीच आहे. संगणकावर १०० मिलिमीटर रुंद आणि १००० मिलिमीटर लांब आयत काढून लांबी रोलच्या दिशेला ठेवायची. तोच आयत एकावर एक पाच वेळा ठेवून मशीनला पाठवायचा. काम संपल्यावर मशीन मूळ जागी परत येईल अशी आज्ञाही द्यायची. सुरू करण्याआधी ग्रिट रोलरच्या दांड्याच्या टोकावर आणि त्याच्या शेजारी मशीनच्या अंगावर मार्करनं समोरासमोर एकेक खूण करायची.

आता आयत पाहा. पाचही फेऱ्या एकाच रेषेवर पडल्या असतील तर रोल सरकवणारी यंत्रणा ठीक आहे, दोष ब्लेडच्या बाजूला शोधायचा. आडव्या रेषा, म्हणजे रोलच्या रुंदीच्या दिशेनं जाणाऱ्या, दुहेरी-तिहेरी झाल्या असतील तर रोल पुढे-मागे जाताना जागा चुकतोय. उभ्या लांब रेषा एका टोकाला जुळलेल्या आणि दुसऱ्या टोकाला पंख्यासारख्या पसरलेल्या दिसल्या तर रोल वळतोय. डावीकडची पकड आणि उजवीकडची पकड सारखी नाही. उभ्या रेषा सगळीकडे सारख्याच अंतरानं दुहेरी असतील तर रोलचा दोष नव्हेच. ब्लेडचं डोकं ओढणारा पट्टा ढिला आहे किंवा डोकं डगडगतंय.

मग दांड्यावरची खूण पाहा. मशीन मूळ जागी आल्यावर दोन्ही खुणा समोरासमोर आल्या आणि तरीही रेषा जुळल्या नाहीत, तर रोलर आपलं काम चोख करतोय, रोल त्याच्यावरून घसरतोय. खूणच जागेवर आली नाही तर दोष मागे, मोटरमध्ये, पट्ट्यात किंवा स्क्रूमध्ये आहे. या एका खुणेनं अर्धी दुरुस्ती ठरते. घसरणाऱ्या रोलासाठी मोटर बदलायला निघालेला माणूस तिथंच थांबतो.

आयताचे दोन्ही कर्णही टेपनं मोजावेत. कर्ण सारखे, पण आयत रोलच्या कडेशी तिरका दिसतो, याचा अर्थ मशीन सरळ चालतंय आणि रोल तिरका चढवला गेलाय. ही चढवणाऱ्याची चूक, मशीनची नव्हे. लांब कामात हिशेब असा होतो: फुटाला दोन मिलिमीटर तिरका चढवलेला रोल दहा फुटांनंतर दोन सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. रबरी चाक कडेपासून एक सेंटिमीटर आत असेल, तर तोवर रोलची एक कड चाकाखालून सुटलेली असते. तिथून पुढे एकाच बाजूनं ओढ आणि मग चुरगळा.

ब्लेडविषयी थोडं सविस्तर, कारण ‘रोल नीट जात नाही’ या तक्रारीत सगळ्यांत जास्त वेळा गुन्हेगार हाच निघतो. साध्या व्हिनाइलची फिल्म ७०-८० मायक्रॉन जाड असते. गोंद धरला तर मिलिमीटरचा एक दशांश. ब्लेडनं तेवढंच कापायचं आणि पाठीमागच्या कागदावर जेमतेम ओरखडा उमटवायचा. ब्लेडचं टोक होल्डरबाहेर अर्धा मिलिमीटर काढून ठेवलं, तर ते कागदात रुततं. कागदात रुतलेलं ब्लेड रोलला अडवतं. रोलर पुढे ढकलतोय, ब्लेड मागे धरून ठेवतंय, आणि या ओढाताणीत खळग्यांतले कण निसटतात. दुकानदाराला दिसतं ते असं की अक्षर जुळलं नाही. तो फोर्स वाढवतो, ब्लेड आणखी रुततं, रोल आणखी घसरतो.

ब्लेड किती बाहेर काढायचं हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा हातानं ठरवणं सोपं. होल्डर मशीनमधून काढून पेनासारखा धरायचा आणि त्याच मालाच्या तुकड्यावर, कडक सपाट जागेवर, नेहमीच्या लिहिण्याच्या जोरानं रेघ ओढायची. फिल्म कापली जावी, कागद उलटा करून पाहिल्यावर पाठीवर उठाव दिसू नये. मग होल्डर मशीनमध्ये लावून टेस्ट कट घ्यायचा. साध्या व्हिनाइलला ८० ग्रॅमच्या आसपास सुरुवात करून दहा-दहानं वाढवत जावं. टेस्टच्या चौकोनाच्या आतला तुकडा सहज सुटला आणि बाहेरचं जागेवर राहिलं की थांबावं. धार गेलेल्या ब्लेडला जास्त जोर लागतो, म्हणून फोर्स महिन्यागणिक चढत चाललाय असं दिसलं तर ब्लेड बदलायची वेळ झाली. फोर्स चढवून नव्या ब्लेडचे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही. एक वाया गेलेला चार फुटी रोल कितीतरी ब्लेडांना भारी पडतो.

रिफ्लेक्टिव्हची गोष्ट वेगळी. संगमनेरजवळच्या अमृतनगरच्या साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की नाशिक-पुणे महामार्गावर उसाच्या ट्रॉल्या रात्री-बेरात्री चालतात, आणि मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा असा परावर्तक माल मागितला जातो. खरं ‘रेडियम’ त्यात कुठंच नाही. चमक येते ती बारीक काचेच्या मण्यांमुळे. मणी ब्लेडची धार झपाट्यानं घालवतात. माल जाड आणि ताठ असतो, त्यामुळे रोल गुंडाळीचा बाक सोडत नाही आणि मशीनवर कमानीसारखा उचलला जातो. याला ४५ अंशांऐवजी ६० अंशांचं ब्लेड घ्यावं, वेग निम्म्यावर आणावा आणि एकाच दमात खोल कापण्यापेक्षा कमी फोर्सनं दोनदा कापावं. दोनदा कापायचं तर रोल घसरता कामा नये, हे उघडच. म्हणून पेनची परीक्षा रिफ्लेक्टिव्ह चढवण्याआधी झालेली बरी. ब्लेड बदललं की पाकिटावर लिहिलेला ऑफसेट, म्हणजे ब्लेडचं टोक मध्यापासून किती बाजूला आहे ते माप, मशीनमध्ये भरायला विसरू नये. ऑफसेट चुकला तर प्रत्येक कोपरा गोल होतो किंवा कोपऱ्याला शेपूट फुटते, आणि लोक त्यालाही ‘रोल घसरला’ म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे: ऑफसेटची चूक प्रत्येक कोपऱ्यात सारखी असते, घसरण्याची चूक लांबीबरोबर वाढत जाते.

ब्लेडच्या खाली मशीनच्या रुंदीभर एक मऊ पांढरी पट्टी असते. खोल ब्लेडनं तिच्यात चर पडला की पुढचं प्रत्येक काम त्या चरात अडखळतं. पट्टी स्वस्त आहे, बदलावी. चरावर सेलोटेप लावण्याचा उद्योग करू नये.

रोल चढवताना घाई नको. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे जड रोल मशीनलाच ओढायला लावणं. पन्नास मीटरचा चार फुटी रोल चांगलाच जड असतो. स्टेपर मोटरच्या स्वस्त मशीनला तो प्रत्येक वेळी झटका देऊन फिरवावा लागला तर मोटर टप्पे चुकते, आणि टप्पे चुकल्याचं तिला कळतही नाही. सर्व्हो मोटरच्या मशीनला कळतं. ते थांबतं आणि एरर दाखवतं. म्हणून कामाच्या लांबीपेक्षा फूटभर जास्त माल आधीच उलगडून मागे सैल झोळ सोडावा. मागच्या भिंतीपासून मशीन एवढं लांब असावं की माल भिंतीला टेकून मुडपणार नाही. गाळा अरुंद असला की मशीन भिंतीला चिकटवलेलं असतं, ते तेवढं पुढे ओढावं. समोरही तीच काळजी. फरशीवर उतरलेला माल खुर्चीच्या चाकाखाली, नाहीतर टेबलाच्या कडेत अडकतो आणि परत मागे जाताना ओढ बसते.

रबरी चाकं मशीनवर कुठंही ठेवून चालत नाहीत. ग्रिट रोलर सलग नसतो, ठरावीक जागीच खरखरीत भाग असतो आणि मशीनवर त्याच्या खुणा असतात. चाक खुणेच्या बाहेर गेलं तर त्याच्या खाली गुळगुळीत दांडा येतो आणि पकड शून्य. दोन टोकांची चाकं मालाच्या कडांपासून सेंटिमीटरभर आत यावीत. चार फुटी मशीनला मधली चाकं असतात. त्यांचा दाब टोकाच्या चाकांपेक्षा कमी हवा, नाहीतर मधल्या भागात फुगे धरतात.

चढवून झाल्यावर लगेच कापायला घेऊ नये. बाणाच्या बटणानं कामाएवढी लांबी पुढे न्यायची, मागे आणायची, आणि कड चाकाशी समांतर राहते का हे पाहायचं. तिरकी जात असेल तर चाकांची लिव्हर उचलून दुरुस्त करून पुन्हा. या फेरीत दोन कामं होतात. तिरकेपणा उघडा पडतो, आणि पाठीमागच्या कागदावर ते खळगे आधीच पडून राहतात. ग्राफटेकच्या मशीनमध्ये ‘प्री-फीड’ नावाची सोयच त्यासाठी आहे. रोलची कड कापताना वेडीवाकडी झाली असेल तर कड धरून सरळ चढवण्याचा प्रयत्नच फोल. सुट्या मीटरनं आणलेल्या मालात हे नेहमी होतं. पुढचा एक इंच पट्टी लावून काटकोनात छाटावा.

आता साफसफाई. ग्रिट रोलरच्या कणांमध्ये कागदाचा भुसा, गोंद आणि धूळ भरली की तो हाताला गुळगुळीत लागतो. महामार्गालगतच्या दुकानात हे लवकर होतं. मशीन बंद करून, रोलर हातानं फिरवत, कडक नायलॉनच्या ब्रशनं घासावा. जुना टूथब्रश उत्तम. लोखंडी तारेचा ब्रश नको, कण झिजतात. रबरी चाकांना पाण्यात थोडा साबण घालून ओलसर कापड पुरतं. थिनर, पेट्रोल, स्पिरिट यांनी चाक त्या दिवशी चकचकीत दिसतं आणि काही महिन्यांत टणक होतं. चाकावर नखानं दाबून पाहावं. नख रुतत नसेल, रबराला तकाकी आली असेल किंवा एका जागी सपाट झालं असेल तर ते बदलायचंच. सपाट होण्याचं कारण बहुधा एकच असतं: दुकान बंद करताना लिव्हर खाली राहिलेली असते आणि रात्रभर एकाच जागी दाब बसतो. रोल काढून ठेवला तरी लिव्हर वर करूनच जावं.

दोन्ही बाजूंचा दाब सारखा आहे का, हे कागदाच्या पट्ट्यांनी कळतं. साध्या कागदाच्या एकसारख्या पट्ट्या प्रत्येक चाकाखाली घालून लिव्हर खाली करायची आणि एकेक पट्टी ओढून पाहायची. एक लोण्यातून आल्यासारखी निघाली आणि दुसरी फाटली तर पंख्यासारख्या पसरणाऱ्या रेषांचं कारण सापडलं. पुष्कळ चिनी मशीनवर स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. तो अर्ध्या-अर्ध्या आट्यानं फिरवावा आणि प्रत्येक वेळी पट्टी ओढून पाहावी. सगळेच स्क्रू कचकचून आवळले तर मऊ मालावर चाकांचे वळ उठतात.

हवामानाकडे लोक सहसा बघत नाहीत. संगमनेर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पश्चिमेला अकोले तालुक्यात पाऊस कोसळत असताना इथं नुसतं भरून येतं. पण भरून आलेल्या हवेतही दमटपणा असतोच, आणि व्हिनाइलच्या पाठीमागचा कागद तो शोषतो. फिल्म प्लॅस्टिकची, ती फुगत नाही. कागद फुगतो. दोघांत ताण पडून मालाला लाटा येतात, कडा उचलतात, कधी फिल्म कागदावरून बोगद्यासारखी सुटते. अशा मालाला मशीनमधली कोणतीही दुरुस्ती लागू पडत नाही. रोल प्लॅस्टिकच्या पिशवीत, उभा, जमिनीपासून उंच ठेवावा आणि गोदामातून आणलेला माल कापण्याआधी काही तास दुकानात राहू द्यावा. एप्रिल-मेमध्ये उलटं. कोरड्या हवेत मालावर विजेचा भार साठतो आणि तो मशीनच्या पत्र्याला चिकटतो. फरशीवर ओला पोछा मारणं आणि मशीनचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेणं, एवढ्यानं बराच फरक पडतो. आणि पंखा! झोळ सोडलेल्या मालावर छतावरचा पंखा पूर्ण वेगानं फिरत असेल, नाहीतर कूलरचा झोत येत असेल, तर रोल शिडासारखा हलतो. मशीन चालू असताना उकाडा सोसावा लागतो, त्याला इलाज नाही.

माल चढवलेला असूनही मशीन ‘माल नाही’ म्हणत असेल तर सेन्सरवरची धूळ मऊ ब्रशनं झाडावी आणि खिडकीतलं थेट ऊन त्यावर येत नाही ना पाहावं. प्रकाशावर चालणारा सेन्सर पारदर्शक मालाला फसतो. रोलंडच्या जीएक्स-२४ सारख्या मशीनवर माल रोल आहे की सुटा तुकडा हे निवडावं लागतं. रोल असताना तुकडा निवडला तर मशीन शेवट शोधत रोल ओढतच राहतं.

संगणकावरही एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. काम कोणत्या क्रमानं कापायचं हे सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते कधी पहिल्या शब्दातली वेलांटी कापून आठ फूट पुढे जातं आणि तिथून अनुस्वारासाठी परत येतं. प्रत्येक फेरीत घसरण्याची संधी. आर्टकट असो, कटस्टुडिओ असो की साइनमास्टर, कापण्याच्या क्रमाचा पर्याय शोधून रोलच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे असा क्रम लावावा. पाच फुटांपेक्षा लांब काम असेल तर सरळ तुकडे करावेत, शब्द संपतो तिथं. एकच शब्द फार लांब असेल तर दोन अक्षरांमधल्या शिरोरेषेवर तोडून, चिकटवताना दोन-तीन मिलिमीटर चढवून घ्यावा. फाळक्यावर लावलेला हा जोड रस्त्यावरून दिसत नाही. अक्षरं जोडून एकसंध करण्याची, म्हणजे ‘वेल्ड’ करण्याची, पायरी मात्र चुकवू नये. नाहीतर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात घुसलेली कापली जाते आणि दोष रोलला दिला जातो.

मीटरभराचा आयत प्रत्यक्षात ९९७ मिलिमीटर भरला, पण पाचही वेळा तेवढाच भरला, तर तो घसरण्याचा दोष नाही. मशीनचं माप चुकलंय. बहुतेक मशीनमध्ये ते कॅलिब्रेशनमध्ये दुरुस्त होतं. माल बदलला, जाडी बदलली की हे माप थोडं हलतं, म्हणून चार फुटी काचेवर बरोबर बसवायचं काम असेल तर त्याच मालावर माप घ्यावं.

एवढं करूनही दांड्यावरची खूण जागेवर येत नसेल तर मशीन उघडावं लागतं. प्लग काढून बाजूचं झाकण खोलायचं. मोटरच्या दांड्यावर आणि ग्रिट रोलरच्या टोकाला दातेरी चक्र असतं, ते बारीक ग्रब स्क्रूनं बसवलेलं असतं. हा स्क्रू ढिला होणं फार नेहमीचं. चक्र आणि दांडा यांवर मिळून मार्करची एक सरळ रेघ ओढावी, वेगानं एक काम चालवावं आणि रेघ तुटली का पाहावं. तुटली असेल तर एलन कीनं स्क्रू आवळला की काम झालं. रेघ अभंग, पट्ट्याचे दात शाबूत, आणि तरीही वेग वाढवला की मोटर खर्र आवाज करून जागा चुकते, कमी वेगावर मात्र चुकत नाही, तर मोटर किंवा तिचा ड्रायव्हर थकलाय. इथून पुढे मेकॅनिक.

दुरुस्ती करणारे बहुतेक पुण्या-नाशकात, आणि यायचा खर्च दुकानदाराच्या माथी. त्याला बोलावण्याआधी पेननं काढलेल्या आयताचा, खुणेचा आणि मशीनच्या मागच्या पट्टीवरच्या मॉडेल क्रमांकाचा फोटो पाठवला तर तो लागणारा भाग सोबत घेऊन येऊ शकतो. रबरी चाकं तर मागवूनही घेता येतात. पण चिनी मशीनची चाकं दिसायला सारखी असली तरी मापं वेगळी असतात. जुनं चाक काढून बाहेरचा व्यास, आतल्या भोकाचा व्यास आणि रुंदी ही तीनही मापं व्हर्नियरनं घ्यावीत. चाक झिजलेलं असल्यानं बाहेरचा व्यास कमी भरतो, म्हणून तो कमी झिजलेल्या मधल्या चाकावर मोजावा. आणि मागवताना एक न मागवता सगळी चाकं एकदम बदलावीत. एकच नवं चाक तीन जुन्यांच्या शेजारी बसवलं की त्या बाजूची पकड वाढते आणि रोल पुन्हा वळायला लागतो.